बांध किती उंच घालायचा?

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या गावच्या ग्रामसभेत बांधाचा विषय निघाला. गाव गोव्यातले, मांडवी नदीच्या काठचे. खाजनाला, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीला, नदीपासून राखणारा मातीचा बांध तीन ठिकाणी खचला होता, खारे पाणी आत शिरले होते आणि सरदाचे (पावसाळी) भात करपून गेले होते. दुरुस्तीचा अंदाज काढायला आलेल्या अभियंत्याला एका तरुण शेतकऱ्याने सरळ विचारले, "साहेब, समुद्र चढतोय म्हणतात. मग बांध जुन्याच उंचीचा का?" उत्तर आले, "शास्त्रज्ञांचेच अजून ठरत नाही. कोण अर्धा मीटर म्हणतो, कोण दोन मीटर. नेमका आकडा येऊ दे, मग बघू." सभा पुढच्या विषयाकडे वळली.

अभियंता खोटे बोलला नाही. पण त्या खऱ्या वाक्यातून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तोच निष्कर्ष आज पंचायतीपासून सचिवालयापर्यंत सगळीकडे काढला जातो. नेमका आकडा आपल्या हयातीत येणार नाही. तो का येणार नाही हे समजून घेतले, तर बांधाचा निर्णय आजच घेता येतो असे माझे म्हणणे आहे.

समुद्र मुख्यतः तीन कारणांनी चढतो. पाणी तापले की फुगते, डोंगरांवरच्या हिमनद्या वितळतात, आणि ग्रीनलंड व अंटार्क्टिकावरच्या हिमचादरी समुद्रात रित्या होतात. पहिल्या दोहोंचा हिशोब बराच पक्का झाला आहे. घोडे अडते ते तिसऱ्यापाशी. अंटार्क्टिकावरचा सगळा बर्फ वितळला तर जगभरचा समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल, ग्रीनलंडचा वितळला तर सुमारे ७ मीटर. या शतकात तसे होईल असे कोणीही म्हणत नाही. पण अंटार्क्टिकाच्या साठ्यातला एक टक्का बर्फ जरी समुद्रात उतरला, तरी अर्ध्या मीटरहून अधिक फरक पडतो. आमच्या बांधाचे सगळे भवितव्य त्या अर्ध्या मीटरात आहे.

बर्फ दुरून दगडासारखा दिसतो, पण एवढ्या जाडीचा बर्फ स्वतःच्याच भाराने काकवीसारखा वाहत असतो. कुठे वर्षाला काही मीटर, कुठे काही किलोमीटर. त्याच्यावरचा ताण दुप्पट झाला तर त्याचा आकार बदलण्याचा वेग आठपट होतो, असे एक सूत्र गेली सत्तर वर्षे वापरात आहे. अलीकडची मोजमापे सांगतात की वेगाने वाहणाऱ्या भागांत ती वाढ सोळापटीच्या जवळ असावी. आठ की सोळा, या एका प्रश्नावर शंभर वर्षांनंतरचे उत्तर कितीतरी बदलते. त्यात बर्फाच्या तळाशी काय आहे, यावर तो किती घसरेल हे ठरते. तळाला कोरडा खडक आहे, की वितळलेले पाणी, की मऊ चिखल? ओल्या चिखलावर आणि कोरड्या मातीवर पाय टाकण्यातला फरक खाजनात उतरलेल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. पण दोन-तीन किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली तो फरक बघायला जाणार कोण? विमानातून रडार लावून रेघांमागून रेघा मारत तळाचा नकाशा काढावा लागतो, आणि दोन रेघांमधली जागा गणिताने भरावी लागते. पूर्व अंटार्क्टिकातल्या डेनमन हिमनदीखालची दरी समुद्रपातळीच्या तब्बल साडेतीन किलोमीटर खाली जाते, हे जगाला कळले ते २०१९ साली. तोवरच्या नकाशांत तेवढी खोली नव्हतीच.

पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीपाशी थोडे थांबतो, कारण सगळ्या वादाचे मूळ तिथे आहे. तिचे समुद्राकडचे तोंड सुमारे १२० किलोमीटर रुंद आहे; गोव्याच्या उत्तर टोकाच्या तेरेखोलपासून दक्षिणेच्या पोळेपर्यंतच्या सरळ अंतराहूनही मोठे. ती एकटी रिती झाली तर जगाचा समुद्र सुमारे ६५ सेंटीमीटर चढेल. तिचा बर्फ समुद्रपातळीच्या खाली असलेल्या जमिनीवर टेकून बसला आहे, आणि ती जमीन समुद्राकडून आत जावे तशी खोल खोल होत जाते. बर्फ जमिनीचा टेका सोडून तरंगू लागतो त्या जागेला आपण टेक्याची रेषा म्हणू. खालून कोमट पाणी येते (कोमट म्हणजे गोठणबिंदूपेक्षा जेमतेम दोन-तीन अंश वर) आणि ही रेषा कुरतडते. रेषा मागे सरकली की ती अधिक खोल जागी जाते. तिथे बर्फ जाड असतो, म्हणून तो अधिक वेगाने समुद्रात उतरतो, म्हणून रेषा आणखी मागे सरकते. एकदा हे चक्र लागले की बाहेरचे तापमान थांबले तरी ते थांबेलच असे नाही. जॉन मर्सर या हिमशास्त्रज्ञाने १९७८ साली पश्चिम अंटार्क्टिकाबद्दल असा इशारा दिला, तेव्हा त्याला अतिरेकी ठरवणारे बरेच होते.

आता हे संगणकावर मांडायचे. टेक्याच्या रेषेपाशी एक किलोमीटरहून बारीक चौकटी घ्याव्या लागतात, नाहीतर उत्तर चुकते. आणि खंड तर १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरांचा. शिवाय खालून येणारे पाणी किती कोमट हे समुद्राच्या मॉडेलने सांगायचे, वरून पडणारा हिम किती हे हवामानाच्या मॉडेलने. बर्फाखालची जमीनही स्वस्थ नाही: भार कमी झाला की ती वर येते, अमंडसेन समुद्राच्या काठी तर वर्षाला ४१ मिलिमीटर इतक्या वेगाने, आणि त्यामुळे टेका थोडा सावरण्याचीही शक्यता आहे. या सगळ्याची पडताळणी करायला उपग्रहांच्या नीट नोंदी आहेत जेमतेम तीसेक वर्षांच्या. जो बर्फ शतकांच्या चालीने चालतो त्याची तीस वर्षांची चाल पाहून तीनशे वर्षांचे भाकीत करायचे आहे.

हिम पडण्याची गोष्ट गोव्याच्या वाचकाला जवळची वाटावी. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी निघाली, ती आपल्या मुरगावहून. त्यानंतर १९८३-८४ साली उभारलेले 'दक्षिण गंगोत्री' हे ठाणे तरंगत्या बर्फावर होते. काही वर्षांतच ते हिमाखाली गाडले गेले आणि १९८९ साली 'मैत्री' खडकावर उभे करावे लागले. हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावते आणि ध्रुवावर हिम जास्त पडतो. म्हणजे तापमानवाढ अंटार्क्टिकाच्या कडा खाते आणि माथ्यावर भरही घालते. जगभरच्या गटांनी आपली हिममॉडेले शेजारी शेजारी चालवून पाहिली, त्या उपक्रमाचा निकाल २०२० साली आला. उत्सर्जन भरमसाट राहिले तर या शतकात अंटार्क्टिकाचा वाटा किती, या एकाच प्रश्नाला काही मॉडेलांनी समुद्र ७.८ सेंटीमीटर उतरेल असे उत्तर दिले, तर काहींनी ३० सेंटीमीटर चढेल असे. कडा जास्त खाल्ल्या जातील की माथ्यावर जास्त भर पडेल, यावरच मतभेद.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग अभियंत्याचेच बरोबर. नाही. कारण या अज्ञानाला एक आकार आहे, आणि तो दोन्ही बाजूंना सारखा नाही.

आंतरराष्ट्रीय हवामान समितीने (आयपीसीसी) २००७ च्या अहवालात २१०० पर्यंत १८ ते ५९ सेंटीमीटर असा अंदाज दिला. त्याच अहवालात स्पष्ट म्हटले होते की हिमचादरींच्या प्रवाहात वेगाने होणारे बदल यात धरलेले नाहीत, कारण ते मोजण्याइतके ज्ञान हाताशी नाही. वर्तमानपत्रांतून आकडा पोचला, पुढचे वाक्य गळाले. २०२१ च्या अहवालात तीच समिती सांगते की १९९५ ते २०१४ या काळाच्या सरासरीच्या तुलनेत, उत्सर्जन झपाट्याने आवरले तर समुद्र ०.२८ ते ०.५५ मीटर चढेल, आणि फार वाढले तर ०.६३ ते १.०१ मीटर. पण या पल्ल्यांचा अर्थ 'याच्या बाहेर जाणार नाही' असा नव्हे. उत्तर या पल्ल्यात असण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, एवढाच त्याचा अर्थ. आणि बर्फाबद्दलच्या खोल अनिश्चिततेमुळे २१०० पर्यंत दोन मीटरच्या जवळ जाण्याची शक्यताही नाकारता येत नाही, हेही तिथेच लिहिले आहे. म्हणजे अंदाज चुकला तर खालच्या बाजूला काही सेंटीमीटरांनी चुकेल, वरच्या बाजूला मात्र मीटरभराने चुकू शकतो. माहिती अपुरी आहे म्हणून थांबणारा माणूस नकळत असे धरून चालतो की अपुऱ्या माहितीतून चांगलीच बातमी निघेल. तसे धरायला कोणताही आधार नाही.

शास्त्रज्ञ भीती घालतात हा आक्षेपही मला टाळायचा नाही. २०१६ साली रॉबर्ट डीकॉन्टो आणि डेव्हिड पोलार्ड यांनी असे मांडले की बर्फाचे उंच कडे स्वतःच्या वजनानेच एकापाठोपाठ एक कोसळू लागतील आणि एकटे अंटार्क्टिका या शतकात मीटरभराहून जास्त भर घालू शकेल. त्यावर टीका झाली, नवे हिशोब झाले, आणि खुद्द त्याच गटाचे २०२१ चे आकडे खाली आले. २०२४ साली दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले की थ्वेट्सचे कडे या शतकात तरी असे कोसळत सुटण्याची शक्यता कमी आहे. हे वाचून मला दिलासा वाटला, आणि या लोकांवरचा माझा विश्वास वाढला. जे आपल्याच हाताने आपला भीतिदायक आकडा खाली आणतात त्यांच्यावर घबराट पसरवल्याचा आरोप टिकत नाही. पण कड्यांचा प्रश्न निवळला म्हणून टेक्याच्या रेषेचा प्रश्न निवळत नाही. आणि बर्फ आश्चर्याचे धक्के देतो हे आपण पाहिले आहे. २००२ साली अंटार्क्टिक द्वीपकल्पावरचा 'लार्सन बी' हा तरंगता बर्फाचा थर फुटला. सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर बर्फ महिन्याभरात विखुरला. सगळा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरांचा आहे. तरंगता बर्फ फुटला म्हणून समुद्र चढला नाही, पण त्याने अडवून धरलेल्या मागच्या हिमनद्या कित्येक पट वेगाने धावू लागल्या.

तो बर्फ गोव्यापासून दहा हजार किलोमीटरांहून दूर आहे. मात्र हे अंतर आपल्याला वाचवत नाही. उलट थोडे जास्त देते. हिमचादरीचे वस्तुमान इतके अवाढव्य असते की ते भोवतालचे समुद्राचे पाणी स्वतःकडे ओढून धरते. बर्फ गेला की ती ओढ सैल पडते. ग्रीनलंडच्या भोवती सुमारे दोन हजार किलोमीटरांपर्यंत समुद्र खाली जातो आणि ते पाणी लांबच्या किनाऱ्यांवर येते. आपण दोन्ही हिमचादरींपासून लांब आहोत, म्हणून आपल्या वाट्याला सरासरीपेक्षा किंचित अधिकच येणार. १९९३ ते २०१५ या काळात उत्तर हिंदी महासागर वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटर या वेगाने चढला, असे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो. त्यापूर्वीच्या शतकातल्या वेगाच्या हे जवळजवळ दुप्पट आहे.

आता खाजनात या. खाजन बुडते ते पाणी बांधावरून आत आल्यामुळे, अशी बाहेरच्या माणसाची समजूत असते. खाजनाचा जीव खरे तर मानशीत, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारात, असतो. भरती आली की नदीच्या रेट्याने मानशीचे दार मिटते, ओहोटीला नदी शेतापेक्षा खाली गेली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ते उघडते आणि पावसाचे पाणी निघून जाते. पंप नाही, वीज नाही. सगळा भरवसा एकाच गोष्टीवर: दिवसातून दोनदा काही तास नदी शेताच्या खाली जाईल.

मी कागदावर एक ढोबळ हिशोब मांडून पाहिला. समजा शेताची पातळी आजच्या सरासरी समुद्रपातळीइतकी आहे. उधाणाच्या (आवस-पुनवेच्या मोठ्या भरतीच्या) दिवसांत भरती-ओहोटीत साधारण दोन मीटरांचा फरक असतो, आणि एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे साडेबारा तास जातात. त्यातला निम्मा वेळ, म्हणजे सव्वासहा तास, मानस उघडी राहते. समुद्र ३० सेंटीमीटर चढला की पाच तास उरतात. ६० सेंटीमीटर चढला की पावणेचारही नाहीत. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत फरक मीटरभरच असतो. तेव्हा ३० सेंटीमीटरलाच वेळ पावणेचार तासांच्या आत येतो, आणि ५० सेंटीमीटर चढला तर मानस उघडतच नाही. श्रावणात चार दिवस संततधार लागली, भांग आहे, आणि पाणी जायला वाट नाही. बांध कितीही उंच असो, शेत आतल्या पावसानेच बुडेल. प्रत्यक्षात कुठले शेत वर, कुठले खाली, दोन भरत्याही सारख्या नसतात. तपशील बदलतील, दिशा बदलणार नाही. सांतिनेजचा नाला आणि पणजीची गटारे मांडवीला मिळतात, त्यांनाही हेच गणित लागू आहे.

यातला ३० सेंटीमीटरचा आकडा पाहा. तो शास्त्रज्ञांच्या सर्वात सौम्य अंदाजाच्या खालच्या टोकाजवळचा आहे. त्याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो हे कोणत्या दशकात होईल आणि त्याच्यापुढे किती, याबद्दल. म्हणजे ज्या मतभेदाकडे बोट दाखवून आमच्या बांधाचे काम थांबले, त्या मतभेदाचा पहिल्या तीस सेंटीमीटरांशी संबंधच नाही.

मग त्याच्यापुढचे कसे ठरवायचे? आपल्या पूर्वजांकडेही नेमका आकडा नव्हता. आतून मातीचा, बाहेरून चिऱ्यांचा बांध त्यांनी घातला, पुढे खारफुटी राखली, आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर बांधावर नवा चिखल चढवला. गावकारीच्या, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या जुन्या, व्यवस्थेत हे काम कोणाचे, खर्च कुठून, हे ठरलेले असे. मला त्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गायचे नाहीत. तिथे सगळ्यांना सारखा आवाज नव्हता, आणि १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला न्याय दिला हे मी मनापासून मानतो. पण त्या बदलात बांध सांभाळण्याची जबाबदारी सैल झाली, हेही पाहिले पाहिजे. सांगायचे ते एवढेच की तो बांध कधीच एकदा घालून विसरायचा नव्हता. पाणी दिसेल तसा तो वाढवायचा होता.

हीच रीत आजच्या अभियांत्रिकीच्या भाषेत मांडता येते. दोन्ही बाजूंना एकास दोन असा उतार धरला तर मातीचा बांध एक मीटर उंच करायला पायाशी चार मीटर जादा रुंदी लागते. उंची दहा वर्षांनी देता येईल. पण तोवर बांधाच्या पायथ्याशी रस्ता झाला, कुंपणाची भिंत उभी राहिली, तर ती कधीच देता येणार नाही. म्हणून पाया आणि पायथ्याची मोकळी पट्टी आजच राखली पाहिजे. यासाठी बर्फाचा आकडा लागत नाही. लंडनच्या थेम्स खाडीसाठी २०१२ साली ठरलेल्या आराखड्यात याच धाटणीने निर्णय तारखांऐवजी मोजमापांशी बांधले आहेत: पाणी इतके चढलेले दिसले की पुढचे काम हाती घ्यायचे. आणि सगळ्या कामांना एकच माप नको. शेतातली पायवाट मधल्या अंदाजावर बांधली तरी चालेल. चुकली तर पुन्हा बांधू. इस्पितळ, वीज उपकेंद्र, मोठा पूल, सांडपाण्याचा प्रकल्प यांचा विचार मात्र वरच्या टोकाचा, दोन मीटरचा, प्रश्न विचारूनच झाला पाहिजे, कारण ते सत्तर-ऐंशी वर्षे तिथेच उभे राहणार आहेत. २०१९ च्या किनारी नियमन अधिसूचनेत धोकारेषा (समुद्राचा धोका कुठवर पोचू शकतो हे दाखवणारी रेषा) आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यापुरती ठेवली गेली. बांधकामाच्या परवानगीशी तिचा थेट संबंध राहिला नाही. मला ही गंभीर चूक वाटते.

गोव्याला याबाबतीत एक सोय आहे जी देशात दुसऱ्या कोणाला नाही. झुवारीच्या मुखाशी एका काठावर, दोनापावलाला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. समोरच्या काठावर, वास्कोच्या हेडलँड सड्यावर, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. अंटार्क्टिकाच्या बर्फाचे नमुने ज्या इमारतीत आहेत आणि ज्या बांधावर त्या बर्फाचे पाणी येणार, त्यांच्यात तासाभराचा रस्ता आहे. तिथल्या मंडळींनी खाजनाच्या गावांत यावे, मराठी-कोकणीत बोलावे, आणि आमच्या मानशीपाशी पाण्याची पट्टी रोवून द्यावी. नोंद आम्ही ठेवू. कोणत्या आवस-पुनवेला पाणी कुठवर आले हे सांगणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या डोक्यातले वहीत उतरले तर पन्नास वर्षांनी कोणालाच अंदाज करावा लागणार नाही.

पुढच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे, आणि त्याचा मजकूर असा लिहून ठेवला आहे: "पंचायत हद्दीतील खाजनाच्या सर्व बांधांच्या आतील बाजूस पायथ्यापासून चार मीटर पट्टी कायम मोकळी ठेवावी, मानशीपाशी पाण्याची पातळी रोज नोंदवावी, आणि यापुढे नदीकाठी होणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक कामाच्या फलकावर खर्च व ठेकेदाराच्या नावाखाली ते काम समुद्र किती सेंटीमीटर चढेपर्यंत टिकेल हे लिहावे." त्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या तरुणाने अनुमोदन द्यायचे कबूल केले आहे.